सुधामावशीचा बांध

"ताई, आई गेली..." मावसभाऊ निखिलचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत खरेदी करत होते. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. मावशीच्या बांधाची सुनावणी तोंडावर आली होती आणि ही बाई अशी निघून गेली!

सुधामावशी पुरातत्त्वाच्या सरकारी नोकरीत होती. पानिपतच्या अलीकडे एका गावालगत मातीचा कमरेइतका उंच, लांबच लांब बांध आहे. तरुणपणी तिनंच तो वरवर खणून शेरा मारला होता : माती ताजी, बांध अलीकडचा. निवृत्तीनंतर दिवाळी झाल्यावर ती पुन्हा तिथे गेली, तर घरोघरच्या बायका पाटीभर माती आणून बांधावर टाकत होत्या. दरवर्षी टाकतात. का, ते कुणालाच ठाऊक नाही. "अगं, मी ह्यांचीच माती तपासून आले होते," मावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "एकदम गधी निकली मैं!"

मग ती हट्टालाच पेटली. परवानगी मिळवून तिनं एका जागी तळापर्यंत खणून घेतलं. खाली हातानं घडवलेली जाडीभरडी खापरं आणि दगडी पाती निघाली. कुणी काही लिहून ठेवायला लागलं त्याच्याही आधीचा हा बांध, असं तिचं ठाम मत झालं. तो पाणी अडवायला नव्हताच, कारण तो सरळ चढावर जातो. तीन गावांच्या शिवा आजही त्याच्यावरच मिळतात. "इथपर्यंत आम्ही, असं कुणीतरी जमिनीवर सांगून ठेवलंय," ती म्हणायची, "आणि रस्तेवाल्यांना तिथूनच रस्ता न्यायचाय!"

तिनं रस्त्याला हरकत घेतली. पहिल्या सुनावणीत रस्तेवाल्यांच्या वकिलानं तिचाच जुना शेरा पुढे केला. "मॅडम, साइन तो आपके ही हैं?"

"बिल्कुल मेरे हैं. लिखिए, मैं गलत थी."

मी शेजारी बसले होते. मी लाजून मान खाली घातली, तिनं नाही घातली. त्या क्षणाबद्दल मला अजून स्वतःचीच चीड येते.

पुढची सुनावणी येत्या सोमवारी आहे. तिचे कागद घेऊन मी जाणार आहे, आणि या वेळी मान वर ठेवणार आहे.

परवा निखिल मयूर विहारच्या तिच्या फ्लॅटवर रंगारी घेऊन आला. तिच्या खोलीत पलंगासमोर त्या गावाचा नकाशा चिकटवलेला आहे आणि त्यावर लाल पेन्सिलीनं बांध काढलेला. कागद संपला तिथे मावशी थांबली नाही... रेघ तशीच भिंतीवरून पार दाराच्या चौकटीपर्यंत गेलीय.

"यार ताई, एक हात मारला की जाईल," निखिल म्हणाला.

मी रंगाऱ्याकडे वळले. "भैया, बाकी पूरा घर कर लो. इस दीवार को हाथ मत लगाना."