आखाडात मिळालेलं घर

लढाई संपली तरी हुबळीत भाड्याचं घर मिळणं मुश्किलच होतं. लढाईआधीचंच भाडं घ्यायचं, असा सरकारचा हुकूम निघाल्यापासून मालकांनी जागा देणंच सोडलं होतं. मग दुसरा हुकूम आला: रिकामी जागा दडवायची नाही, सरकारला कळवायची, ती कुणाला द्यायची ते सरकार ठरवील. हे ठरवणाऱ्या कचेरीत मी कारकून होतो. दिवसभर लोकांना घरं वाटायची आणि संध्याकाळी दाजीबानपेठेत कापडदुकानाच्या माडीवरच्या एका खोलीत परतायचं, अशी आमची गंमत. वडील गेल्यापासून आई आणि मी तिथंच राहत होतो. वैशाखात माझं लग्न झालं, पण बायकोला आणणार कुठं? ती बेळगावला माहेरीच होती. संसार सगळा पत्रांवर चालला होता.

घरांच्या यादीत माझा नंबर पाचवा. यादी मीच लिहीत असे, पण स्वतःचं नाव वर सरकवायची छाती नव्हती. साहेब भारी कडक होते.

त्यात एक शहाणपणा मी करून ठेवला होता. लोक घर मंजूर करून घेत आणि कुलूप लावून ठेवत, त्यानं माझं डोकं फिरायचं. म्हणून साहेबांना मीच कलम सुचवलं: आठ दिवसांत बायकोमुलांसह राहायला यावं, नाहीतर घर पुढच्या नंबरला. साहेब खूश झाले आणि मी चार दिवस कचेरीत कॉलर ताठ करून हिंडलो.

केशवापुरात दोन खोल्यांचं एक घर रिकामं झालं, ते नेमकं आखाडात! पहिल्या नंबरच्या मास्तरांनी लांबूनच हात जोडले. नव्या घरात आखाडात पाऊल कोण टाकणार? दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्यांचं एकच, "आषाढदाग बेड्री." आषाढात नको हो. साहेब लांबच्या मुलखातले, त्यांना वाटलं या लोकांना घराची गरजच नाही. हुकूम काढताना सरकारनं पंचांग बघितलं नव्हतं, त्याला मी तरी काय करू?

घर माझ्या नावावर आलं. उड्या मारत घरी येऊन सांगितलं, तर आईनं 'आखाडात?' एवढंच विचारलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नानंतरचा हा पहिलाच आखाड, आणि त्यात सासू आणि नवी सून एका छपराखाली राहत नाहीत. बायको आणली नाही तर घर जाणार, आणली तर रीत मोडणार. मी रीतीला शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, त्या कलमाला तर मनसोक्त घातल्या. आईनं भाजी निवडत सगळं ऐकून घेतलं.

"सुनेला आण," ती म्हणाली. "श्रावण लागेपर्यंत मी इथंच राहते."

आखाडात नवराबायकोनं एकत्र राहावं का, हे तिनं काढलं नाही. मी कशाला उकरून काढतोय!

बेळगावी माझं पत्र पोचलं तेव्हा सासरे मुळीच तयार नव्हते. बायकोनं त्यांना सांगितलं, "आखाड दरसाल येतो, अप्पा. घर येत नाही." सातव्या दिवशी ते स्वतःच तिला घेऊन आले, तोंड फुगवून. आठव्या दिवशी आमच्याच कचेरीचा माणूस तपासायला आला. बायको भाकऱ्या थापत होती. त्यानं कुटुंब हजर असल्याचं लिहिलं आणि एक गरम भाकरी खाऊनच उठला.

उरलेला आखाडभर आई रोज सकाळी केशवापुरात येई, खिडकीतून भाजी देई, सुनेनं दिलेला चहा बाहेर उभ्यानंच पिई आणि परत जाई. दोघी खिडकीच्या गजांतून इतक्या हसत की शेजारी डोकावून बघत.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी आई आत आली. बायकोनं पायांवर पाणी घातलं. आईनं घर बघितलं नाही, चूल बघितली नाही. बोचकं घेऊन सरळ आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि कडी लावली. बराच वेळ झाला, तेव्हा मी घाबरून हाक मारली. ती धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली. डोळे भरले होते, पण हसत होती.

"बारा वर्षं लुगडं बदलायला शेजारणीकडं जात होते रे," ती म्हणाली.

बारा वर्षं मी त्याच खोलीत राहत होतो. ती कुठं जाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.