मी पोहोचेपर्यंत रंगीत असलेली गल्ली

मोरोक्कोतलं निळं गाव, इटलीतलं रंगीबेरंगी कोळ्यांचं बेट, मेक्सिकोतलं पिवळं शहर. फोटोचा नाद असलेल्या प्रत्येकाकडे ही यादी असते. माझ्याकडेही आहे आणि ती यादीच राहणार आहे, कारण चित्रकलेच्या शिक्षिकेला परदेश परवडत नाही. मी आपलं जोधपूर, जयपूर, पाँडिचेरी आणि पणजी एवढं उरकलं. मग नाशिकमधल्या एका छोट्या कलादालनाने माझ्या रंगीत गावांच्या फोटोंना एक भिंत द्यायचं कबूल केलं. अट एकच, फोटो पाच हवेत. माझ्याकडे चार होते.

पाचवा वहिनीच्या मोबाइलमध्ये सापडला. तिच्या मामेभावाच्या लग्नाची वरात होती. घोड्यावर नवरदेव आणि त्याच्या मागे ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातली अरुंद गल्ली: एक घर फिरोजी, त्याला चिकटून राणी कलरचं, मग पोपटी, मग पिवळंधमक. नवरदेव कसा दिसतो ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच संध्याकाळी वहिनीच्या मामांना फोन लावला आणि तुमच्या गल्लीचे फोटो काढायला येते म्हणाले. मामा म्हणाले, "बेटा, आम्हाला पंधरा दिवस दे." मला वाटलं, लाडू वगैरे करायचे असतील.

नाशिकरोडहून दिल्लीकडे जाणारी गाडी पकडली की ग्वाल्हेरला पोहोचायला साधारण अठरा-एकोणीस तास लागतात. हे वेळापत्रकाप्रमाणे झालं. डिसेंबर-जानेवारीत झाशीच्या पुढे धुकं असतं, तेव्हा दोन-तीन तास देवाच्या नावाने जास्त धरावेत. स्वेटर नाही, जाड कोट न्या. स्टेशनबाहेर ई-रिक्षा मिळते, वाटून बसलात तर वीस रुपयांत महाराज बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात सोडते. तिथून खासगी बाजार चालत.

गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि मला वाटलं, चुकले. समोर सगळी घरं एकाच रंगाची. फिकट बदामी, म्हणजे दुधात बिस्किट बुडवून विसरल्यावर जो रंग येतो तो. ताज्या रंगाचा वास दरवळत होता. गल्लीतली झाडून सगळी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत रांगेने उभी होती आणि सर्वांत पुढे हातात हार घेऊन मामा.

मामा बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि अत्यंत भाविक. माझा चेहरा त्यांना आनंदाने पडलेला वाटला असावा. त्यांनी मला सविस्तर सांगितलं, की महाराष्ट्रातून फोटो काढायला कुणी येतंय म्हटल्यावर गल्लीच्या चार बैठका झाल्या. या लोकांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून आले, कुणी दरबारात कारकुनी करायला, कुणी पूजा सांगायला, कुणी तलवार घेऊन. तेव्हापासून या मंडळींना एकच धास्ती आहे: तिकडचे लोक आपल्याला काय म्हणतील. इतके दिवस फिरोजी आणि पोपटी भिंतींत सुखाने राहिले होते, पण नाशिककर बघणार म्हटल्यावर त्यांना ते एकदम ओंगळ वाटायला लागलं. "आता बघ," मामा म्हणाले, "एकदम साफ-सुथरी आणि सोबर. तुमच्याकडे असते तशी."

आमच्याकडे कशी असते ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी हार घातलेल्या गळ्याने त्या बदामी गल्लीचे चाळीस फोटो काढले. एकही कामाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडई आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाल्ली. बेडई म्हणजे आत डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, वर जिलेबी घ्यावी. दोघांचं पोट शंभर रुपयांत भरतं. ते खात असताना कळलं, की नव्या रंगाने गल्लीत हाहाकार उडवलाय. इथले घरांचे क्रमांक इतक्या वेळा बदललेत की ते कुणी लावतच नाही. पत्त्यात लोक घराचा रंग लिहितात. कुरिअरवाला "राणी कलरवाले कोण" असं विचारत दारोदार फिरत होता आणि लोक "आम्ही होतो" असं सांगत होते. गॅसची टाकी भलत्याच घरी उतरली. खुद्द मामा शेजारच्या कुलपात आपली किल्ली घालून दहा मिनिटं झटत होते आणि शेवटी कुलूपवाल्याला नावं ठेवत परत आले.

मीही हसले. दुपारपर्यंत.

दुपारी शेजारच्या कदमांच्या स्वयंपाकघरात एक बाई ताठ बसून वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगत होत्या. या मालूताई. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता चौऱ्याहत्तरच्या. डोळ्यांचे पडदे बिघडल्यामुळे त्यांना आकार दिसत नाहीत, रंग तेवढे दिसतात. रोज सकाळी एकट्या माधवगंजातल्या दत्ताच्या देवळात जायच्या आणि पिवळा ठिपका दिसला की वळून आपल्या घरात शिरायच्या. त्यांचं घर सर्वांत शेवटी, काल त्या देवळातून परतल्यावर रंगलं होतं. आज तो ठिपकाच नव्हता, म्हणून दार उघडं दिसलं तिथे शिरल्या. कदमांनी आधी त्यांना जेवायला वाढलं आणि मग हे तुमचं घर नव्हे असं अदबीने सांगितलं.

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला. "मी नाही हरवले," त्या म्हणाल्या. "घर हरवलंय."

त्यांना घरी पोहोचवताना कदमांनी मला उरलेलं सांगितलं. मालूताईंचा मुलगा अविनाश इथल्याच हरिशंकरपुरम वसाहतीत फ्लॅटमध्ये राहतो. वाईट नाही, काळजीपोटी मागे लागलाय की आई, तिकडे चल. मायलेकांत करार झालाय: जोवर आई एकटी देवळात जाऊन एकटी घरी येते, तोवर ती इथे राहणार. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी सामान बांधायचं. चुकल्याची बातमी त्याला पोहोचली होती आणि तो रविवारी येणार होता. तो दिवस शुक्रवार होता.

संध्याकाळी किल्ल्यावर गेले, कारण ठरवलं होतं. उरवाई दरवाज्याकडून गाडी वर जाते आणि वाटेत कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतात, तिथे उतराच. मानसिंगाच्या महालावर निळ्या फरशा आहेत आणि त्यावर पिवळ्या बदकांची रांग. पाचशे वर्षं त्या बदकांना कुणी पाहुणे येणार म्हणून बदामी रंग दिला नाही. मी खूप फोटो काढले आणि मला स्वतःची लाज वाटत राहिली. एका फोटोसाठी मी एका बाईचं घर तिच्या डोळ्यांदेखत पुसलं होतं.

रात्री जेवताना मामांना सांगितलं, की मालूताईंचं घर परत पिवळं करायचंय. मामांचा घास थांबला. बदामी आवडला नाही का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी थाप मारली. म्हटलं, आमच्याकडे फोटोत एक घर वेगळं लागतं, त्याशिवाय बाकीच्यांचा सोबरपणा उठून दिसत नाही. हे त्यांना पटलं. नाशिकमध्ये काय काय चालतं याबद्दल त्यांचं मन मोठं आहे.

शनिवारी सकाळी मी आणि मालूताई माधवगंजात रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं शेडचं पुस्तक त्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरत आणि "हा नाही, हा आजारी आहे" म्हणत. बाविसाव्या पिवळ्यावर थांबल्या. कदमांनी शिडी धरली, मी ब्रश. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी डिसेंबरच्या गार वाऱ्यात दोन मजले रंगवून बघावेत. संध्याकाळी माझा खांदा उचलत नव्हता. मालूताई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून, शाळेच्या मैदानावर असल्यासारख्या, कुठे कच्चं राहिलंय ते ओरडून सांगत होत्या.

रविवारी अविनाश आला. चाळिशीचा, घाईतला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, बुरा मत मानना, पण आई पडली-बिडली तर? मला तर रात्री झोपच येत नाही." मला त्याचंही खरं वाटलं. चूक त्यांची नाही, रंगाची होती, आज एकदा त्यांना देवळातून एकट्या येताना बघा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग तो घरासमोर उभा राहिला आणि गल्ली आपापल्या गच्चीत गेली. प्रत्येकाला त्याच वेळी कपडे वाळत घालायचे होते. मामांनी तर सुके कपडे परत वाळत घातले.

मालूताई कोपऱ्यावर दिसल्या. हातात पिशवी, मान ताठ. पहिल्या घराशी थांबल्या, दुसऱ्याशी थांबल्या. अविनाश एक पाऊल पुढे आला आणि कदमांनी गच्चीतून त्याला हाताने खुणावून थांबवलं. मालूताईंनी मान थोडी तिरकी केली, मग सरळ चालत आल्या, मुलाला ओलांडून गेल्या आणि कुलपात किल्ली घातली. पहिल्या फटक्यात. मग मागे न बघता विचारलं, "अविनाश, चहा घेशील?" तो हो म्हणाला. तो रडत होता हे त्यांना दिसलं नसावं.

माझा पाचवा फोटो तोच: सगळी गल्ली बदामी, एक घर पिवळं, आणि त्याच्याकडे निघालेली पाठमोरी बाई.

नाशिकच्या भिंतीवर लोक त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबले. फ्रेमचा फोटो मी मामांना पाठवला. जाताना वाटायचं, रंगीत शहर म्हणजे सुंदर दिसणारं शहर. आता भिंती बघितल्या की त्यांच्याकडे बघून घरी येणारं कोण असेल, हा विचार आधी येतो, आणि फोटो कमी निघतात.

महिन्याभराने मालूताईंचा फोन आला. मामांनी फोटो गल्लीभर दाखवला होता. महाराष्ट्रात पिवळंच उठून दिसतं हे सिद्ध झाल्यामुळे पाचवी बैठक होऊन सगळी गल्ली पिवळी झाली होती, बाविसाव्या नंबरची.

मी विचारलं, आणि तुम्ही?

"मी काय करणार? राणी कलर लावून घेतला," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का, पहिलेपेक्षा सोपं झालंय. तेव्हा सात रंगांतून आपला शोधावा लागायचा. आता जे वेगळं ते माझं. फक्त एक मेहेरबानी कर बेटा. माझ्या घराचा फोटो काढू नकोस."