अ‍ॅडजस्ट न होणाऱ्या काकू

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही टीव्हीवर मुंग्या आल्या की हाक तळमजल्यावरच्या काकूंना. "काकू, जरा अँटेना अ‍ॅडजस्ट करा ना!" त्या पदर खोचून गच्चीवर जायच्या आणि दांडी फिरवायच्या. मी जिन्यात उभी राहून निरोप पोचवायचे. आलं, गेलं, आलं!

हाच 'अ‍ॅडजस्ट' शब्द त्यांना खालीही ऐकावा लागायचा. सोसायटीचे सेक्रेटरी आपली स्कूटर थेट काकूंच्या दाराशी लावायचे. काकू रोज अंग चोरून घरात शिरायच्या. बोलल्या की सेक्रेटरी हसायचे, "अ‍ॅडजस्ट करून घ्या हो."

"दांडी होते अ‍ॅडजस्ट," काकू म्हणायच्या. "मी नाही व्हायची."

त्यांचं बोलणं असं खाडकन दार लावल्यासारखं. मला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

एका रविवारी ऐन सिनेमात सेक्रेटरींच्या टीव्हीवरचं चित्र गेलं, तेही घरभर पाहुणे असताना. काकू वर गेल्या.

"आलं, आलं! सोडू नका!" सेक्रेटरी खिडकीतून ओरडले.

"धरून ठेवते. आधी स्कूटर काढा."

"सिनेमा संपला की काढतो हो!"

काकूंनी दांडी सोडली. आत पाहुण्यांचा गलका झाला. सेक्रेटरी बनियनवरच धावत खाली गेले.

मी जिन्यातून वाकून पाहिलं आणि वर निरोप दिला, "काकू, सरकवली!"

"किती?"

"थोडीशी."

"मग सांग त्यांना, चित्रही थोडंसंच येईल."