छपरावरचा ठिपका

मसुऱ्याच्या तिठ्यावर त्या सकाळी दोन एसट्या एकामागोमाग येऊन थांबल्या. मला कणकवलीला जायचं होतं, तिथून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून विमानानं जपान. बाबांनी माझी मोठी बॅग खांद्यावर घेतली, पुढच्या गाडीत चढवली आणि दारातून हाक मारली, "ये गो, जागा गावली." मी पाटी पाहिली. गाडी कुडाळची होती.

मी आतून पार घाबरले होते. पासपोर्ट पर्समध्ये आहे ना, हे दहा वेळा चाचपून झालं होतं. ती सगळी भीती मी बाबांवर काढली. "बाबा, ही कुडाळची गाडी! तुमका वाचूक येणा नाय?" तिठ्यावरची माणसं हसली, कंडक्टर हसला. बाबाही हसले. बॅग उतरवून मागच्या गाडीत ठेवली आणि म्हणाले, "तुका येता मां वाचूक? मगे झाला." आई मागून एवढंच म्हणाली, "थंय भात मिळता म्हणतत. भात आसा मगे कसली काळजी." गाडी सुटली. मी खिडकीतून हात केला, पण माफी मागायची राहून गेली.

बाबांना खरंच वाचता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटली आणि ते गुरांमागे गेले. सहीपुरतं नाव तेवढं गिरवून पाठ केलेलं. एसटीची पाटी ते लांबीवरून ओळखत, लांब ती कणकवली, आखूड ती कुडाळ. काजूच्या बागेत दिवसभर बडबडणारा हा माणूस मालवणला कचेरीत गेला की मुका व्हायचा. तिथं 'आसा' आणि 'नाय' चालत नाही, 'आहे' आणि 'नाही' लागतं. कागद पुढे आला की ते माझ्याकडे बघायचे. मी वाचून दाखवायचे आणि मनातल्या मनात मिरवायचे, कशाला खोटं बोलू.

जपानात उतरले आणि माझी चांगली जिरली. समुद्राकाठच्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमात माझी नोकरी. बोलणं मी मुंबईच्या क्लासमध्ये शिकून आले होते, पण अक्षरं? भिंतीवर अक्षरं, औषधाच्या पाकिटावर अक्षरं, संडासाच्या बटणांवर अक्षरं. पहिल्याच आठवड्यात मीठ समजून साखर घातली आणि भात फेकून दिला. दुकानाच्या पाट्या मी रंगावरून ओळखू लागले, बसच्या लांबीवरून. हे लक्षात आलं तेव्हा मी बसस्टॉपवरच रडले.

आश्रमातल्या आमच्या मुख्य बाईंचं नाव मोरी-सान. त्यांनी नाव सांगितलं आणि मला हसू आवरेना. मोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाजारातला तो शार्कच्या जातीचा दांडगा मासा आणि त्याचं कालवण. जपानीत मोरी म्हणजे रान. ते लिहायचं कसं, तर तीन झाडं जवळजवळ उभी करायची. बाई नावाप्रमाणे माशाच्याच जातीच्या होत्या, कडक. पण माझ्या नावानं आलेलं प्रत्येक पत्र त्याच वाचून दाखवायच्या, बोट ठेवून, हळूहळू. मी मान डोलवायचे. कचेरीत बाबा डोलवायचे, तशीच.

बोलण्यातही एकदा फजिती झाली, ती मात्र फक्त आपल्याकडच्या माणसाचीच होऊ शकते. चियो-सान नावाच्या नव्वदीच्या आजी होत्या. दुपारी जेवण आटोपलं की त्यांचा डोळा लागायचा. एकदा झोपेआधी त्यांचा चष्मा हरवला. मी सगळीकडे शोधलं. आजी झोपल्या तरी मी शोधतच होते, आणि उशीखाली तो सापडल्यावर तोंडातून आपलं सहज निघालं, "आसा! आसा!" जपानीत 'आसा' म्हणजे सकाळ. आजी ताडकन उठल्या, पांघरुणाची घडी घातली, केस विंचरले आणि न्याहारी मागू लागल्या. घड्याळात दोन वाजले होते. समजावायला गेलं की म्हणायच्या, "नाय, नाय." आता गंमत बघा, जपानीतही 'नाय' म्हणजे नाहीच. एवढ्या लांब येऊन आपलाच नकार ऐकला आणि मला त्या गडबडीतही आजीला मिठी मारावीशी वाटली.

पण त्यानंतर जे झालं ते झोंबलं. घडलेली प्रत्येक गोष्ट आश्रमाच्या वहीत लिहायची असते, म्हणजे संध्याकाळी येणाऱ्या माणसाला कळतं की आजींनी दुपारी दोनला न्याहारी का केली. मी पेन उचललं. मोरी-साननी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू सांग, मी लिहिते." त्या अजिबात रागावल्या नव्हत्या, त्यामुळेच जास्त लागलं. तिठ्यावर माझ्या बाबांना काय वाटलं असेल, हे मला त्या दुपारी कळलं. त्याच दिवशी ठरवलं, ही वही मी माझ्या हातानं लिहीन, आणि लिहिता आलं की मगच बाबांची माफी मागीन. त्याआधी मागितली असती तर ती नुसती तोंडदेखली झाली असती.

तिथं रोजच्या वापरातली म्हणून ठरवून दिलेली अक्षरं आहेत दोन हजार एकशे छत्तीस. मी पहिलीतल्या मुलांची चौकोनांची वही आणली. रोज एक अक्षर, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर. आधी वरची रेघ मग खालची, आधी डावी मग उजवी. क्रम चुकला तर मोरी-सान जाता जाता चौकोनावर टिचकी मारायच्या. ताप आला तर दुसऱ्या दिवशी दोन अक्षरं. तिसऱ्या वर्षी सगळं डोक्यात कालवलं गेलं, शिकलेली शंभरेक अक्षरं कुठं गेली देव जाणे, आणि मी वही कपाटावर फेकली. दोन दिवसांनी स्टुलावर चढून मीच ती खाली काढली.

अशी जवळजवळ सहा वर्षं गेली. सगळ्यात किचकट अक्षर मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. एकोणतीस रेघांचं, अर्थ उदास. गेल्या महिन्यात एका दुपारी ते न बघता लिहिलं, पडताळलं, बरोबर! आयुष्यात इतकी खूश मी कधी झाले नव्हते आणि वहीत लिहिलं होतं उदास. मी खुर्चीवरून उठून नाचले, मोरी-सान टाळ्या वाजवत होत्या. ती रानातली मोरी, टाळ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "आजपासून तू लिही. आणि कालचं वाचून दाखव, मी चष्मा विसरलेय." चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. मी उभी राहिले आणि चौदा जणांसमोर दोन पानं वाचली, एकदाही न अडखळता. माझ्या आवाजात बळ आलेलं मला स्वतःलाच ऐकू येत होतं.

त्याच संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, त्या दिवशी तिठ्यावर मी सगळ्यांसमोर बोललंय, ता माझा चुकला."

"कधी? माझ्या ध्यानात नाय." मग स्वतःच म्हणाले, "पाटी माका वळखूक येय होती गो. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होता."

सहा वर्षं मी समजत होते की त्यांना वाचता आलं नाही. मी रडले, आईनं फोन हिसकावून घेतला, तीही रडली. शेवटी बाबांनीच विषय बदलला. "इतकी अक्षरा शिकलंस, घर कसा लिवतत ता दाखय."

मी मोठ्या कागदावर लिहून धरलं, 家. सांगितलं, वर छप्पर आणि छपराखाली डुक्कर.

"डुकर? घरात?" बाबा उसळले. "हंय आमी भातातसून डुकर हाकलून दमलाव, आणि तेनी छपराखाली नेवन बसवल्यानी!"

काल त्यांनी फोटो पाठवला. काजूच्या खोपीच्या दारावर चुन्यानं वीतभर उंच तेच अक्षर. डुकराचे पाय थोडे वाकडे, पण रेघा सगळ्या जागच्या जागी. बाबांनी सहीखेरीज काही लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. फक्त छपरावरचा ठिपका नव्हता. तो या अक्षरात सगळ्यात आधी द्यायचा असतो. मी मास्तरणीच्या तोऱ्यात फोन केला, "बाबा, वरचो ठिपको रवलो."

"रवाक नाय," ते म्हणाले. "तो मी ठेवलंय. तू येतलंस तेव्हा घाल."

गावातल्यांनो, आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे आता उत्तर आहे. मे महिन्याचं तिकीट काढलंय. कणकवलीहून मसुऱ्याची गाडी पकडीन. खोपीच्या दाराशी बाबा चुन्याचा डबा धरून उभे राहतील आणि मी ठिपका घालीन.