दुसरी काडी

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, मुलांच्या नाही, आणि सप्तशृंगीच्या गडावर गेलो तर देवीच्याही नाही — तिथं मी घाईघाईनं नारळ फोडतो आणि पायऱ्या उतरायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत राहत नाही. समोरच्या ओट्यावर बसलेला माणूस तुम्हाला रोज दिसत नाही. मला दिसतो.

आधी एक सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. आज झालो असं नाही, पहिल्यापासूनच. खानदेशात आमच्या गावची पोरं विहिरीच्या काठावरून धडाधड उड्या मारायची आणि मी त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. विहिरीत नुसतं डोकावायचं झालं तरी मी मागं सरायचो. सुरतला लूमवर कामाला लागलो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा — कारखान्यात विहीर कुठून येणार?

आणि गल्लीत मला काय म्हणतात माहीत आहे? 'रतननं दोन जीव वाचवले.' समोरच्या हिरामणदादाची बायको आधी माझी सुमनवहिनी होती. त्या उन्हाळ्यापासून ती सुमनताई झाली. दर वर्षी राखी बांधते. त्याआधी ओवाळते. निरांजनाची ज्योत तोंडासमोरून फिरायला लागली की मी डोळे मिटून घेतो. तिला वाटतं, भाऊ किती भाविक आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बघा, पुन्हा भलतीकडेच चाललो. सांगतो.

प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं होतं, त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. मंदी होती, लूम आठवड्यातले तीन-चार दिवस बंदच. आमच्या चाळीतले सखारामआबा मूळचे विहिरीचं काम करणारे. त्यांनी सुरतबाहेर कामरेजच्या पुढं एका शेतातल्या विहिरीचा गाळ काढायचं काम धरलं, आणि हिरामणदादाला नि मला सोबत घेतलं. मी नाही म्हणणार होतो. पण मला गावाहून सुरतला आणलं हिरामणदादानं. लूमवर लावलं त्यानं. तुटलेला तार, म्हणजे धागा, कसा जोडायचा ते माझी बोटं धरून शिकवलं त्यानं. त्यानं 'चल' म्हटल्यावर मी काय सांगणार होतो — मला विहिरीची भीती वाटते म्हणून?

शेत डाह्याकाकांचं. सत्तरीचे, काटकुळे, कानात अत्तराचा फाया. जमीन कालव्याच्या शेपटाला. म्हणजे वरच्यांचं भागून पाटाचं पाणी उरलं तर यांना मिळायचं, आणि ते कधी उरायचं नाही. चहूकडे ऊस. शेजाऱ्यांनी एकापाठोपाठ एक बोअर मारले, मग त्याहून खोल मारले, आणि काकांच्या जुन्या विटांच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली जात राहिलं. वरचं इंजिन तेवढ्या खोलातून पाणी ओढेना. म्हणून काकांनी डिझेलचं इंजिनच विहिरीत उतरवलं, फळ्यांच्या माचीवर. पुढच्या वर्षी माची आणखी खाली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तशी त्या विहिरीची गत झाली होती.

पण काकांना बोअर मारायचा नव्हता. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी चारीनं आणायचं, रेती-खडीच्या खड्ड्यातून गाळायचं आणि विहिरीत सोडायचं. 'जेटलुं काढ्युं, एटलुं पाछुं आपवानुं,' म्हणायचे. जेवढं काढलं तेवढं परत द्यायचं. शेजारी हसायचे, म्हातारा आभाळ विहिरीत भरायला निघालाय म्हणायचे. काका म्हणायचे, एक पावसाळा जाऊ द्या, पाणी वर आलेलं बघितलं की हेच सगळे फावडी घेऊन येतील. चारी खणून झाली होती, खड्डा झाला होता. राहिला होता तळाचा गाळ, त्यानं झरे बुजले होते. तो पावसाआधी निघायला हवा होता.

आता कंदिलाचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमच्याकडे अशा विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडतात. जळत राहिला तर खालची हवा चांगली. विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. आणि दुसरा नियम — ज्यानं कंदील सोडला, त्यानंच पहिलं उतरायचं. म्हणजे दिव्याबाबत कुणी थाप मारणार नाही. आबांनी सुरतलाही हा रिवाज सोडला नव्हता. माझी भीती मोडावी म्हणून त्यांनी कंदील माझ्याच हातात दिला, काडेपेटीही दिली.

रोज सकाळी इंजिन चालवून तळाचं पाणी उपसायचं, मग ते बंद करून थांबायचं, मग कंदील, मग माणूस. पहिल्या दिवशी माझा हात इतका कापत होता की कंदील विटांवर आपटला आणि विझला. मी बोंब ठोकली. सगळे दुपारपर्यंत बसून राहिले. मग आबांनी स्वतः कंदील सोडला, तर तळाशी मजेत जळतोय. दुसऱ्या दिवशीही तेच. तसंच आपटणं, तशीच बोंब, आणि आबांच्या हातात तसाच जळणारा दिवा. दोन दिवसांचं काम अर्धंअर्धं बुडालं. काका आभाळाकडे बघत येरझारा घालत होते. माझं नाव पडलं कंदील्या. हिरामणदादा तर भाकरी खाताना म्हणाला, "बिडी वढस नई, तंबाखू खास नई, निदान दिवा तरी नीट धर रे कंदील्या!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. रडता येत नव्हतं म्हणून हसलो.

तिसऱ्या दिवशी पाणी जास्त झिरपलं होतं. इंजिन बराच वेळ चाललं. मी काडी ओढली, कंदील पेटवला आणि मोटेच्या जुन्या दगडावर बसून दोरी सोडायला लागलो. आबा माझ्या मागं कप्पीला तेल घालत होते, हिरामणदादा टोपल्यांना दोर बांधत होता. आज हात हलू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं, आणि हलला नाही. कंदील माचीच्या खाली गेला. विटेला लागला नाही, कशालाही लागला नाही. आणि ज्योत बारीक झाली. मग आणखी बारीक. मग वातीवर नुसता लाल ठिपका. मग तोही नाही.

मी ओरडायला हवं होतं, नाही का? एक शब्द होता. 'विझला.' काय झालं असतं? हसले असते. तिसऱ्यांदा हसले असते, एवढंच. आणि मी — मी गुपचूप दोरी ओढली. कंदील वर आला तेव्हा काच धुरानं काळी झाली होती. पाठ त्या दोघांकडे. मी काच उचलली आणि खिशातून काडेपेटी काढली.

दुसरी काडी मी ओढली ती अशी.

पेटता कंदील हातात घेऊन मी वळलो आणि दिवा जळतोच आहे असं म्हणालो, "पेटेल शे."

आता उतरायची पाळी माझी. तुम्ही म्हणाल, निदान स्वतः उतरलास तरी? नाही. मी पोट धरून वाकलो, मुरडा आलाय म्हणालो. हिरामणदादानं माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी नेहमीसारखा घाबरलोय. त्यानं कमरेला दोर बांधला, माझ्या गालावर चापट मारली. "तू बस रे, मी उतरस." म्हणजे मला वाचवायला तो उतरला. माझी पाळी त्यानं आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

मी उसाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मुरडा नव्हताच. उभा राहून ऐकत होतो. हे मला स्वतःशीसुद्धा नीट म्हणता येत नाही — मी ऐकत होतो, काय होतंय ते. मनात म्हणत होतो, कदाचित काही होणार नाही. कालही काही झालं नव्हतं. उसाची पानं सळसळत होती आणि मला ती थांबावीत असं वाटत होतं, म्हणजे ऐकू आलं असतं.

मग आबांची हाक आली. "हिरामण! ए हिरामण!" खालून उत्तर नाही.

मी धावलो. आबा धोतर खोचून पायरीवर उतरले होते. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली, ओरडलो, कुणी उतरू नका, दोर ओढा! आम्ही दोघांनी आणि काकांच्या दोन गड्यांनी ओढलं. हिरामणदादा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते, तोंडात गाळ होता. छाती हलत होती. काकांनी ट्रॅक्टर काढला, पुढं रस्त्यावर टेम्पो मिळाला, दवाखाना गाठला. दादा जगला.

सगळे म्हणाले, रतनला सुचलं म्हणून. नाहीतर आबा त्याच्या पाठोपाठ उतरले असते आणि दोघंही गेले असते. मला सुचलं नव्हतं हो. मला माहीत होतं.

चार दिवसांनी डाह्याकाका दवाखान्यात आले. मला बाहेर बाकड्यावर घेऊन बसले. एकच विचारलं, "रतनभाई, दीवो सळगतो हतो ने?" दिवा जळत होता ना, एवढंच. म्हातारा हात जोडल्यासारखा बसला होता. विझला होता म्हणालो असतो, तर त्यांना कळलं असतं की हा इंजिनाचा धूर, कोंडलेली हवा. इंजिन वर काढलं असतं, विहीर दोन-चार दिवस मोकळी ठेवली असती, काम पुरं झालं असतं. मी म्हणालो, "हा काका. सळगतो हतो."

मग राहिलं काय? दिवा जळत होता आणि तरी माणूस पडला. गावानं ठरवलं की विहीर बाधली. आभाळाचं पाणी पाताळात कोंडायला निघाला, म्हणून कोप झाला. एकही मजूर त्या विहिरीत उतरायला तयार होईना. काकांनी ती विहीर बुजवली — स्वतःच्या हातानं पहिली टोपली टाकली, असं आबांनी सांगितलं. चारी नांगरून टाकली. आणि शेजाऱ्यांसारखा बोअर मारला. पुढं त्यांच्या बोअरला मचूळ पाणी लागायला लागलं, मग शेजाऱ्यांच्याही, असं ऐकलं. फावडी घेऊन कुणी आलं नाही. कामरेजच्या बाजूला जायची वेळ आली की मी बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी बसतो.

हिरामणदादाचे हात तेव्हापासून कापतात. तुटलेला तार त्याला पुन्हा कधी जोडता आला नाही. बोलताना शब्द सापडत नाहीत, सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही. सुमनताई घरात साड्यांना टिकल्या लावते, सुटलेले धागे कापते, त्यावर त्यांचं घर चाललंय. दादा ओट्यावर बसतो. उन्हाळ्यात चाळीचा हातपंप कोरडा खडखडायला लागला, पाणी आणखी खाली गेलं म्हणून कुणी पाइप वाढवायची गोष्ट काढली की तो मान वर करतो आणि मला शोधतो. तो आवाज ऐकला की मी आत जायला वळतो. कारण आता तो विचारणार, हे मला ठाऊक असतं. "रतन, दिवा पेटेल व्हता ना रे?"

"व्हता, दादा."

"मंग ठीक."

इतकी वर्षं असंच चाललंय. मी काडी ओढत नाही. घरात देवापुढचा दिवा बायको लावते. आणि मला धीर होता एका गोष्टीचा — किती नीच धीर तो, बघा — की त्याला काही आठवत नाही.

मागच्या आठवड्यात हातपंप पुन्हा खडखडला. दादानं मान वर केली. मी उत्तर तयार ठेवलं. पण त्यानं ते विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघत म्हणाला,

"दोन काड्या वढ्यात तू. एक कंदीलनी. दुसरी कसानी?"

सुमनताई आत टिकल्या लावत होती. तिची सुई थांबली की मलाच तसं वाटलं, मला सांगता येत नाही.

मी म्हणालो, "बिडीनी, दादा. बिडी पेटाडी व्हती."

तो हळूहळू हसला. कापणारा हात पुढं करून त्यानं माझ्या गालावर चापट मारली, तेव्हा मारली होती तशीच. "मंग ठीक," म्हणाला.

मी आयुष्यात कधी बिडी ओढलेली नाही. दादाला ते माहीत होतं. आजही तो ओट्यावर बसलाय, आणि मी अजून दाराबाहेर गेलेलो नाही.