सोड त्याले, पुढचं घे

शेजारच्यांनी कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, ओला वास आला आणि नातीचा उन्हाळा आठवला. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी ती सावनेरहून माझ्याकडे राहायला आली होती. एकाच प्रश्नावर अडून बसायची, मग घाईत सोपे प्रश्नही चुकवायची. म्हणून सरावाच्या वेळी मी घड्याळ घेऊन समोर बसायचे. ती अडली की म्हणायचे, "सोड त्याले, पुढचं घे." ती चिडायची, "थांब ना वं आजी, येऊनच राहिलं उत्तर!" एका दुपारी मात्र अडलेला प्रश्न तिनं आपणहून सोडला, शेवटी परत येऊन सोडवला आणि पेपर वेळेत संपवला. "आजी, आज तू बोललीच नाही वं!" मी म्हटलं, "काहून बोलू? तुले माही गरज संपली." दोघी हसलो. आता ती दूरच्या कॉलेजात आहे. फोनवर फार गोड बोलते. मला समोर बसून भांडणारी हवी आहे.