दोन ओळींचा माफीनामा

माझ्या धाकट्या बहिणीला मी फसवलं, आणि मला एका पोलीस साहेबाने फसवलं. हे आधी लिहिते, कारण आमच्या गल्लीत उलटं सांगितलं जातं. पोरगी शिकली आणि वाया गेली, मोबाइलवर नको ते लिहून तुरुंगात बसली, थोरली बिचारी काय करणार, असं बोलतात. मला बिचारी म्हणणाऱ्यांना कोणी सांगावं की थोरलीने काय केलं ते.

लातूरच्या मार्केट यार्डात माझा बारदान्याचा धंदा आहे. जुनी रिकामी पोती घ्यायची, शिवायची, विकायची. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि ती तीनची. आई आणि मी दाभण-सुतळी घेऊन यार्डातली फाटकी पोती शिवायचो, आणि ती थप्पीवर झोपलेली असायची. तिच्या केसांतून कुसळं काढत मी मोठी झाले. आज माझं स्वतःचं गोदाम आहे. माझा आवाज चढला की शेजारच्या आडतीतला हमालसुद्धा हातातलं काम थांबवतो.

पोत्यांच्या सौद्याला आमच्याकडे कागद लागत नाही. एकाने ‘दिला’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘घेतला’ म्हणायचं. पुढं भाव चढला काय अन् पडला काय, शब्द फिरत नाही. फिरवला तर दुसऱ्या दिवशी यार्डात त्याला कोणी पोतं दाखवत नाही. मला जे काही शहाणपण आलं ते इथूनच आलं, आणि ते सगळीकडे चालतं असं मी धरून चालले होते.

बहीण समाजकार्य शिकली आणि नांदेडला राहिली. वस्त्यांतल्या बायकांना घेऊन ठाण्यात जायचं, दवाखान्यात जायचं, अर्ज लिहायचे, हे तिचं काम. यावरून आमचं दर दिवाळीला वाजायचं.

“भांडायचं तर माझ्यासारखं भांड,” मी म्हणायचे. “पदरात काहीतरी पडलं पाहिजे.”

“पडतंय की अक्का. तुला दिसत न्हाई.”

“मला समदं दिसतं. तुझी चप्पल दिसून राहिली, तुटलेली.”

ती हसायची आणि माझीच चप्पल घालून निघून जायची.

त्या दिवसांत नांदेडबाहेरच्या एका पालांच्या वस्तीतून काही बायकांना चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं. दिवसभर बसवून ठेवलं, पाणी दिलं नाही. त्यातली एक पाच महिन्यांची पोटुशी होती. तिचं मूल गेलं. माझ्या बहिणीने त्या बाईचं सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि फेसबुकवर टाकलं. खाली स्वतःच्या चार ओळी लिहिल्या. शिवी नाही, भडकावणं नाही. काय झालं ते आणि कुठं झालं ते. लोक ते पुढं पाठवत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला चौकशीला बोलावलं, आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा मला फोन आला. मी गोदामाची किल्ली आईकडे टाकली आणि नांदेडची एसटी धरली.

ठाण्यातले साहेब बोलायला गोड होते.

“या ताई, बसा. चहा सांगू?”

“चहा राहू द्या. बहिणीला कधी सोडता ते सांगा.”

“तुम्ही तर एकदम मुद्द्यावर.”

“मी बाजारातली बाई हाय, साहेब.”

ते हसले. “मग बाजारासारखंच बोलू.”

तिथंच मी गळाला लागले. त्यांनी आपलं मागणं सांगितलं. कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी, पुन्हा कधी काही लिहिणार नाही असं हमीपत्र, आणि पोस्ट काढून टाकायची. मी उठून दारापर्यंत गेले. निघालेल्या गिऱ्हाइकाला बोलवावं तसं त्यांनी परत बोलावलं. मी कॅमेऱ्याची अट काढायला लावली. हमीपत्राची अट काढायला लावली. शेवटी दोन ओळींचा माफीनामा आणि पोस्ट काढणं, एवढ्यावर आणलं.

“आणि संध्याकाळच्या गाडीनं ती माझ्यासंगं लातूरला येणार,” मी म्हणाले.

“येणार.”

“दिला शब्द?”

“दिला ताई.”

“घेतला,” मी म्हणाले, आणि खरं सांगते, मला माझा अभिमान वाटला.

बहीण मागच्या खोलीत बाकावर बसली होती. शेजारी एक महिला शिपाई. मला बघून ती उठलीही नाही.

“अक्का, तुला कोणी सांगितलं मधी पडायला?”

“दोन ओळी लिहायच्यात. लिही आणि चल.”

“काय लिहू? ती बाई खोटं बोलली?”

“तसं कशाला? खात्री न करता टाकलं, एवढंच.”

“मी खात्री केली होती. दवाखान्यात तिचा हात धरून मी उभी होते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “वकील हिंगोलीहून निघालेत. दोन तास थांब. तोवर मी कशावर सही करणार न्हाई.”

दोन तास! सौदा थंड होऊ द्यायचा नसतो, हे मी तिला केसांतली कुसळं काढताना शिकवलं होतं. ती शिकली नव्हती. साहेबाचं मन फिरलं तर? मला दोन तास दिसत होते, साहेबांच्या खणातला कागद दिसत नव्हता. म्हणून मी सौद्यात वापरते तसं खोटं वापरलं.

“आईच्या छातीत सकाळपासून कळ येऊन राहिली. दवाखान्यात ठेवलंय. तुझंच नाव घेऊन राहिली.”

आई त्या वेळी लातूरला अंगणात बसून मिरच्यांची देठं खुडत होती.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. “शुद्धीवर हाय ना?”

“हाय.”

तिने शिपाई बाईकडे पेन मागितलं. दोन ओळी लिहिल्या. स्वतःच्या बोटाने पोस्ट काढून टाकली, त्या बाईचं बोलणंही त्याबरोबर गेलं. साहेबांनी माफीनामा फायलीत लावला, मोबाइल पाकिटात घालून सील केला आणि खणातून दुसरा कागद काढला. बहिणीचं नाव, वय, पत्ता, कलमं, सगळं आधीच भरलेलं. अटकेचा कागद. त्यावरची वेळ मी नंतर वकिलांकडच्या प्रतीत वाचली. त्या वेळी माझी एसटी चाकूरच्या स्टँडवर उभी होती.

“साहेब, शब्द दिला होता तुम्ही!”

“मी कुठं नाही म्हणतो? कोर्टापुढं उभं करतो. कोर्ट सोडेल.”

मी टेबलावरची फाइल ओढली. शिपाई बाईने माझं मनगट धरलं. मी यार्डातल्या सगळ्या शिव्या दिल्या, आणि साहेब साधे चिडलेसुद्धा नाहीत. पोत्याचा व्यापारी चिडला असता. त्याला उद्या पुन्हा माझ्याशी बाजार करायचा असतो. ह्यांना नव्हता.

बहिणीला गाडीत बसवताना ती मला म्हणाली, “इथं थांबू नको अक्का. आईजवळ जा.”

वकील आले. सगळं ऐकून पायरीवरच बसले. म्हणाले, पोस्ट काढली म्हणजे पुरावा नष्ट केला असं म्हणतील. माफीनामा खटल्यात टिकणार नाही, पण जामिनाच्या वेळी पुढे करतील. मी विचारलं, खटला कधी? ते उठून अटकेच्या कागदाची प्रत मागायला आत गेले. तिने पूर्वी लिहिलेल्या दोन-तीन पोस्टही पोलिसांनी खटल्यात जोडल्या. जामीन दोनदा फेटाळला. वस्तीतल्या त्या बाईला आता तिचेच लोक सांगतात, तुझ्या ताईनं लेखी दिलंय, मग तू खोटीच.

मी काय करू शकते? महिन्यातून दोनदा नांदेडला जाते, रांगेत उभी राहते. वकिलाच्या टेबलाशी, कोर्टाच्या बाकाशी, तुरुंगाच्या खिडकीशी, कुठंच घासाघीस चालत नाही. समोरचा माणूस ‘पुढची तारीख’ म्हणतो आणि मी बरं म्हणते. मी, बरं म्हणते.

आईला मी तीन महिने येऊ दिलं नाही. गुडघे दुखतील, गर्दी असते, काहीबाही सांगत राहिले. बहीण विचारायची तेव्हा, आई सुधारतेय म्हणायचे. शेवटी तीच एक दिवस माझ्याआधी स्टँडवर जाऊन बसली. मुलाखतीच्या जाळीपर्यंत ती ताठ चालत गेली. बहीण पलीकडून आली, आईला बघून क्षणभर उजळली.

“कशी हायस आई? छाती दुखती का अजून?”

“माझी छाती? मला काय धाड भरलीय!” आई म्हणाली. “मिरच्या, पापड, समदं करून राहिले की मी. तू जेवतीस का नीट?”

बहिणीने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आईशी बोलत राहिली, हसलीसुद्धा. वेळ संपल्यावर आत गेली. त्यानंतर दोनदा मी एकटी गेले, आणि दोन्ही वेळा शिपायाने बाहेर येऊन सांगितलं, भेटायचं नाही म्हणते. आई भेटायला गेली की मात्र बाहेर येते.

माझं मी कबूल केलं. आईला सांगितलं, वकिलांना सांगितलं, इथं लिहिलं. आता साहेबांचं राहिलं. त्यांची बदली झाली म्हणतात. झाली असेल. बदली झाल्याने माणूस बदलत नाही, आणि कुठं झाली ते मी शोधून काढणार आहे. साहेब, तुमच्या खणात अटकेचा कागद भरून तयार होता. तो असताना तुम्ही ‘येणार’ म्हणालात. मला समोर बसवून सौदा केलात, तो कोणाच्या सांगण्यावरून केलात? त्या बाईचं बोलणं पुसून टाकायला माझ्या बहिणीचं बोट कोणाला हवं होतं? याचं उत्तर मला तुमच्या तोंडून हवं, कोर्टात उभं राहून हवं, आणि माझी बहीण तिथं समोर असताना हवं.